चार हात लांब

शराफियात कुत्रं घरी आणायचं तर पहिला विचार लिफ्टचा करावा लागतो. जेद्दाच्या या जुन्या वस्तीत बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट अरुंद आहेत. तीन माणसं आणि बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेल्या दोन पिशव्या आत गेल्या की जागा संपते. त्यात पायाशी पाच किलोचं, कान मागे पाडलेलं, अनोळखी चप्पल दिसली की तिच्यावर झेपावणारं जनावर असेल, तर चौथ्या मजल्यापर्यंतचा प्रवास सगळ्यांनाच लांब वाटतो. म्हणून कुत्रं आत बसवून न्यायची बंद, जाळीदार पिशवी इथे चैनीची वस्तू नाही. कुत्र्याच्या आधी तीच घरात येते.

शराफिया म्हणजे जेद्दातलं मलबार. केरळी खानावळी, कार्गोवाले, मोबाइलची दुकानं, पॉलिक्लिनिकांच्या पाट्या, आणि या गर्दीत रत्नागिरी-रायगडकडची कोकणी कुटुंबं. मलबारचे मोपला आणि आपले कोकणी मुसलमान, दोघंही शाफई पंथाचे. शाफई फिक्हमध्ये, म्हणजे धर्मनियमांत, कुत्र्याची लाळच नव्हे, तर त्याचं ओलं अंगही नापाक. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं आणि त्यातली एक वेळ मातीनं. कोरडं अंग कोरड्या कपड्याला लागलं तर बिघडत नाही, ओल आली की प्रश्न येतो. मालिकी पंथ कुत्र्याला पाक मानतो, पण शराफियातल्या शेजाऱ्यांत मालिकी क्वचितच भेटतात, आणि सौदी लोकांचा हंबली पंथ या बाबतीत शाफईंच्याच बाजूचा. याच परंपरेत तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यामुळे पापक्षमा मिळाल्याची हदीसही आहे, आणि गुहेत झोपी गेलेल्या तरुणांच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला कुत्रा खुद्द कुराणात आहे. तेव्हा शेजारच्या खाला लिफ्टमध्ये मागे सरकतात ते कुत्र्याचा राग म्हणून नव्हे. मगरिबच्या नमाजाच्या तोंडावर त्यांना पुन्हा कपडे बदलायचे नसतात, एवढंच.

सौदी अरेबियात कुत्रं घेऊन रस्त्यावर फिरणं ही फार जुनी गोष्ट नाही. 2006 मध्ये धार्मिक पोलिसांनी जेद्दा आणि मक्केत कुत्री-मांजरं विकायला बंदी जाहीर केली. 2008 मध्ये रियाधमध्ये तसाच फतवा निघाला, आणि तिथे त्यांना घेऊन बाहेर फिरण्यावरही बंदी आली. कारण दिलं गेलं ते असं, की तरुण पोरं कुत्र्याचं निमित्त करून बायकांशी ओळख काढतात. 2016 च्या एप्रिलमध्ये या पोलिसांचे अटकेचे अधिकार काढून घेतले गेले, आणि 2020 च्या जूनमध्ये खोबर शहरात ‘द बार्किंग लॉट’ नावाचं कुत्र्यांसाठीचं कॅफे उघडलं, राज्यातलं पहिलं. बारा-चौदा वर्षांत हवा इतकी बदलली. शराफियाच्या गल्लीत ती जरा सावकाश पोचते. कुत्रं आणण्याआधी घरमालकाला विचारलेलं बरं आणि इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, सांगून ठेवलेलं त्याहून बरं.

चावऱ्या लहान कुत्र्याला घर मिळणं कुठेच सोपं नसतं. 2021 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्रान्सर नावाच्या चिवावाची जाहिरात जगभर फिरली. त्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या बाईंनी कसलाही मुलामा न देता लिहिलं होतं, की याला पुरुष चालत नाहीत, मुलं चालत नाहीत, दुसरी जनावरं चालत नाहीत. थोड्याच काळात कनेक्टिकट राज्यातल्या एका स्त्रीनं त्याला नेलं. त्या जाहिरातीला जग हसलं, पण ती लागू पडली ती खरेपणामुळे. ज्या घरात पुरुष, मुलं आणि जनावरं नव्हती, नेमकं त्याच घरानं हात वर केला. जेद्दासारख्या, निम्मं गाव इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, जगणाऱ्या शहरात कुत्रं देणाऱ्याला घाई असते. नोकरी संपलेली, तिकीट काढलेलं. अशा वेळी ‘फार प्रेमळ आहे हो’ या वाक्यावर न थांबता घेणाऱ्यानं चार प्रश्न विचारायचे. कधी चावलं? कुणाला? त्याआधी काय चाललं होतं? रक्त आलं का?

लहान कुत्री जास्त चिडकी असतात हा केवळ लोकांचा समज नाही. डफी, शू आणि सर्पेल या संशोधकांनी 2008 मध्ये हजारो मालकांच्या प्रश्नावल्यांवरून जाती पडताळल्या. डाक्सहुंड आणि चिवावा माणसांवर आणि इतर कुत्र्यांवरही सरासरीपेक्षा जास्त धावून जातात असं त्यांना दिसलं. 2010 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी दुसरी बाजू पाहिली. लहान कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी कमी खेळतात, कमी शिकवतात, आणि आज एक तर उद्या दुसरंच वागतात. त्यामागचं कारण कुणाच्याही दिवाणखान्यात सापडेल. अल्सेशियन गुरगुरला की घर स्तब्ध होतं. पोमेरेनियन गुरगुरला की पाहुणे हसतात, मोबाइल काढतात आणि त्याला उचलून घेतात. गुरगुरण्याचा उपयोग नाही हे त्याला चार वेळा कळलं, की पाचव्या वेळी ते न गुरगुरता चावतं. मग त्याला ‘अचानक चावणारं’ म्हणतात.

अचानक असं फारसं काही नसतं. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या वाटचालीची एक शिडी मांडली आहे. तळाच्या पायऱ्यांवर जांभई, पापण्या मिटणं, स्वतःचं नाक चाटणं. मग मान वळवणं, अंग वळवणं, उठून निघून जाणं. मग कान पाडून दबकत सरकणं आणि शेपूट पायांत घालणं. वरच्या पायऱ्यांवर अंग ताठ करून रोखून पाहणं, गुरगुर, हवेत चावा, आणि शेवटी खरा चावा. वीतभर उंचीच्या, डोळ्यांवर झुलपं आलेल्या कुत्र्याच्या या खालच्या पायऱ्या उभ्या माणसाला दिसतच नाहीत. त्यासाठी जमिनीवर बसावं लागतं, तेही त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून.

नवं कुत्रं आणल्यावर पहिली भेट पशुवैद्याची. स्वभाव म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं दुखणं असतं. लिंकन विद्यापीठातल्या डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नोंदवलं, की वर्तनासाठी पाठवलेल्या प्राण्यांपैकी कमीत कमी धरलं तरी एक तृतीयांशांत दुखणं सापडतं, आणि काही ठिकाणी हा आकडा ऐंशी टक्क्यांच्या जवळ जातो. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते, दात खराब होतात, हिरड्या सुजतात, लोंबत्या कानांत दमट हवेनं संसर्ग होतो. तोंडाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्याचा एक सडका दात काढला आणि भांडण निम्म्यावर आलं, असं होऊ शकतं.

नंतरच्या दिवसांचं काम बघणाऱ्याला कामच वाटणार नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर आणि एसीच्या थेट झोतात न येणारी अशी त्याची जागा. पाणी तिथेच. तिथेच त्याचा पिंजरा, दार उघडं ठेवलेला. घरातली माणसं आपापल्या कामात. कुणी वाकून बघायचं नाही, नावानं सारखं पुकारायचं नाही, सोफ्याखालून ओढून काढायचं तर मुळीच नाही. त्याला गळ्यातल्या पट्ट्याला धरून बाहेर काढताना झालेले चावे बरेच असतात. त्याऐवजी घरात हलकी, हातभर दोरी अंगपट्ट्याला अडकवून ठेवतात. गरज पडली तर हात लांब राहतो.

इथे एक गंमत होते. शाफई शेजाऱ्याला पटेल अशी शिस्त आणि बिथरलेल्या कुत्र्याला हवी असलेली शिस्त जवळजवळ एकच निघते. कुत्र्याचं भांडं वेगळं, ते माणसांच्या भांड्यांत जायचं नाही. जानमाजच्या किंवा देवघराच्या जागी त्यानं जायचं नाही, म्हणून दाराला जाळीचं फाटक. तोंडाला तोंड लावायचं नाही, चाटून घ्यायचं नाही, पाहुण्याच्या मांडीवर ठेवायचं नाही. लाडाच्या घरात जे सांगून सांगून थकतात, ते इथे आपोआप होतं. कुत्र्याला चार हात लांब ठेवलं जातं आणि त्याला नेमकं तेवढंच अंतर हवं असतं.

अन्नाची राखण हा बहुतेक वेळा सर्वांत अवघड भाग. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक. त्यातली तुपाची वाटी बरोबर आहे, धावणं तेवढं टाळायचं. ताटलीपाशी वाकून हात घालत, ‘बघू, घेऊ देतो का’ अशी परीक्षा घेतली की कुत्र्याची शंका खरी ठरते. उलट त्याचं खाणं चालू असताना लांबून जाता जाता उकडलेल्या कोंबडीचा तुकडा ताटलीच्या दिशेनं टाकायचा आणि थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. कुत्रं पावलांचा आवाज ऐकून ताठ होण्याऐवजी मान वर करून वाट पाहू लागलं, की मग एक पाऊल जवळून जायचं. ताठ झालं तर दोन पावलं मागे. तोंडात मोजा किंवा हाड असेल तर हिसकायचं नाही, त्याहून चांगलं काही देऊन बदलून घ्यायचं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं कुत्र्यांना बक्षिसावरच शिकवावं, मार, झटके आणि दरारा यांनी भीती आणि आक्रमकपणा वाढतो, असं स्पष्ट निवेदन काढलं. तरीही ‘दोन फटके दिले की सरळ होईल’ असा सल्ला इमारतीत कुणीतरी देतंच.

खाऊ हा सगळ्यावरचा उपाय मात्र नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटानं 2017 मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केला. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या अनोळखी माणसाशी कुत्र्यांचा विश्वास जुळायला अन्नापेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त उपयोगी पडला. शराफियातल्या सोफ्याखालच्या कुत्र्याला याचा अर्थ उद्याच कुरवाळा असा नाही. हात पुढे करायचा तो बाजूनं, छातीपाशी, डोक्यावरून नाही. तीन सेकंद खाजवून हात काढून घ्यायचा. पुन्हा टेकून उभं राहिलं तर पुढे, जिभेनं नाक चाटून मान वळवली तर आजचं संपलं. या तीन सेकंदांच्या नियमाला मुलं मोठ्या माणसांपेक्षा लवकर सरावतात.

जेद्दाची हवा या सगळ्याचं वेळापत्रक ठरवते. 22 जून 2010 ला इथे 52 अंशांची नोंद झाली होती. एरवीचा उन्हाळाही चाळिशीच्या आसपास, त्यात तांबड्या समुद्राची दमट वाफ. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं आणि दमटपणात ते नीट होत नाही. चपट्या नाकाच्या शित्झू-पेकिंगीजांचे तर हालच. तापलेल्या डांबरावर हाताचा पंजा पाच-सात सेकंद ठेववला नाही तर कुत्र्याचे पायही तिथे पोळतात. म्हणून उन्हाळ्यात फेरी रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर बऱ्याच उशिरा किंवा पहाटेच्या फजरच्या आधी. भित्र्या कुत्र्याला हीच वेळ सोयीची, कारण गल्लीतली पोरं, गाड्यांचे हॉर्न आणि खानावळींची गर्दी तेव्हा ओसरलेली असते. दिवसा एसीच्या बाहेरच्या युनिटाची घरघर आणि लिफ्टच्या दाराचा धडाका पुरेसा त्रास देतो. अजानच्या वेळी काही कुत्री मान उंच करून लांब सूर लावतात. 2021 च्या मे महिन्यात इस्लामी व्यवहार मंत्रालयानं मशिदींचे भोंगे अजान आणि इकामतीपुरते आणि एक तृतीयांश आवाजापर्यंतच ठेवायला सांगितलं, तेव्हापासून आवाज थोडा खाली आला आहे. तरी मशीद खिडकीसमोर असेल तर त्या दोन मिनिटांत त्याला आतल्या खोलीत चघळायला काही दिलेलं शेजाऱ्यांना बरं वाटतं.

एवढं करूनही दात लागू शकतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं सलग पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. सौदीतून रेबीज हद्दपार झालेला नाही आणि मागच्या मालकाची लसीची कागदपत्रं दर वेळी खरी असतात असं नाही. घरात लहान मूल असेल आणि चावे खोल जात असतील, तर कुत्रं परत देणं किंवा मुलं नसलेलं घर शोधणं हाही जबाबदार निर्णयच. पशुवैद्याकडे जायच्या दिवसासाठी जाळीदार मुसकी घालायची सवय करतात. मुसकीच्या तळाला चीज लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं, पट्टा पुष्कळ दिवसांनी बांधायचा.

आणि शराफियात कुणीही कायमचं राहायला आलेलं नसतं. फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा शिक्का, आज ना उद्या लागणारच, आणि हे कुत्रं एकदा तसंच मागे राहिलेलं असतं. भारतात न्यायचं तर परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाबरोबर दोनपर्यंत पाळीव प्राणी आणता येतात. पण मायक्रोचिप, निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी टोचलेली रेबीजची लस, सौदी बाजूचा आरोग्य दाखला आणि उतरण्याआधी मुंबईच्या पशू विलगीकरण कार्यालयाची परवानगी, एवढं जुळवावं लागतं. चपट्या नाकाची कुत्री तर अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत, निदान उन्हाळ्यात. विमानातला पिंजरा कुत्र्याला आत सरळ उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल एवढा हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हॉलच्या कोपऱ्यात दार उघडं ठेवलेला पिंजरा म्हणूनच पहिल्या आठवड्यात मापानं निवडलेला बरा. जेवण त्यातच द्यायचं. पुढे कधीतरी जेवताना दार मिनिटभर लोटून घ्यायचं, मग पाच मिनिटं, मग रात्रभर. तिकीट हातात पडल्यावर हे शिकवायला वेळ उरत नाही.