माशीचा ठिपकेदार डोळा

पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी चिलटे तुम्ही पाहिली असतीलच. ड्रोसोफिला ही फळमाशी त्यांपैकीच. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. पण भिंग धरून पाहा, डोळे कसे लालभडक दिसतात! रंगद्रव्याचा कच्चा माल डोळ्याच्या पेशींत पोहोचविणारे एक जनुक असते. ते बिघडले की डोळा पांढरा होतो, म्हणून त्याचे नाव ‘व्हाइट’. बिघाडावरून बारसे करण्याची ही रीत जरा उफराटीच!

१९३० साली अमेरिकेत हर्मन मुलर यांना क्ष-किरणांच्या माऱ्यानंतर लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या डोळ्यांच्या माश्या मिळाल्या. त्यांचे व्हाइट जनुक शाबूत होते. मात्र गुणसूत्राचा एक तुकडा तुटून उलटा जोडला गेला होता आणि ते जनुक गुणसूत्राच्या घट्ट वळलेल्या, मुक्या भागाशेजारी येऊन बसले होते. शेजाऱ्याचा गुण लागला म्हणा ना! काही पेशींत ते गप्प झाले, काहींत बोलत राहिले.

गप्प झाले म्हणजे नेमके काय झाले? डीएनएचा धागा रिळावरील दोऱ्याप्रमाणे हिस्टोन प्रथिनांच्या ८ रेणूंच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनांची शेपटे बाहेर डोकावतात. त्यांवर एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मिथिल गट चिकटविला जातो. तो कोठे चिकटला यावर सारे अवलंबून! एच-३ या हिस्टोनाच्या चौथ्या ॲमिनो आम्लावर असेल तर जनुक मोकळे; नवव्यावर असेल तर बंद.

ही खूण कायमची असते, असा पुष्कळ वर्षे समज होता. २००४ साली मानवी पेशींतील एलएसडी-१ हे विकर, म्हणजे एन्झाइम, ती पुसते असे आढळले आणि तो समज गेला. फळमाशीतही त्याचा भाऊबंद आहे. तो चौथ्या जागेवरील खूण पुसतो.

२००७ साली हे विकर नसलेल्या ठिपकेदार माश्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे डोळे पुन्हा बहुतांशी लाल झाले होते! पाटीवरचे जुने गणित पुसल्याशिवाय नवे मांडता येत नाही, तसेच हे. गर्भावस्थेच्या सुरुवातीस चौथ्या जागेवरील खूण पुसली गेली, तरच नवव्या जागी ‘बंद’ची खूण नीट बसते. पुसणारेच नाही, मग जनुक गप्प बसणार कसे?

हा प्रश्न केवळ डोळ्यांच्या रंगाचा नव्हता. विकर नसलेल्या माद्या वांझ निघाल्या. त्यांच्या अंडाशयांची वाढच नीट झाली नव्हती.