एकाच वाफेवर दोन कॉलम. इथेनॉल प्रकल्पात बगॅसची बचत

मळी आंबवून तयार होणाऱ्या 'वॉश'मध्ये अल्कोहोल जेमतेम ८ ते १० टक्के, बाकी बहुतेक पाणीच. ते वेगळं काढायला भरपूर वाफ लागते.

यावर तोड म्हणजे बहुदाब पद्धत. एका कॉलममध्ये दाब जास्त, दुसऱ्यात कमी. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यामुळे पहिल्या कॉलममधून निघणाऱ्या गरम वाफेवरच दुसरा चालतो.

साधारण ९५ टक्क्यांपुढे नुसतं उकळून पाणी निघत नाही. ते 'मॉलिक्युलर सीव्ह' शोषून घेते.

वाफ वाचली की बॉयलरमधला बगॅस वाचतो, त्यावर वीज करून विकता येते. म्हणून ऊस उत्पादक सभासदांनी वार्षिक सभेत जरूर विचारावं : आपल्याकडे लिटरमागे किती किलो वाफ लागते?