मीठ तेच, मूत्रपिंड निराळे

मनुष्याची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यात विरघळलेले जवळपास दीड किलो मीठ, अगदी थोडा अंश वगळता, पुन्हा रक्तात घेतात. आहारातील आठ-दहा ग्रॅम मिठाचा हिशेब या प्रचंड उलाढालीत रोज जुळवावा लागतो. काहींच्या शरीरातून जादा मीठ सहज बाहेर पडते, तर काहींची मूत्रपिंडे रक्तदाब चढल्याशिवाय ते सोडत नाहीत. या दुसऱ्या प्रवृत्तीस मीठसंवेदनशीलता म्हणतात.

तिचे मूळ मूत्रपिंडात आहे, याचा लख्ख पुरावा अमेरिकी संशोधक लुईस डाल यांच्या उंदरांनी दिला. मिठाने रक्तदाब चढणारा आणि न चढणारा, असे दोन वंश निवडक पैदाशीतून तयार केल्यावर डाल यांनी त्यांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा रक्तदाबाची प्रवृत्ती बव्हंशी मूत्रपिंडाबरोबर गेली.

मानवी समूहांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ३२ देशांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या लघवीतील सोडियम मोजणाऱ्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोकांचा सरासरी रक्तदाब ९५/६१ च्या आसपास आढळला. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत आणि वयाबरोबर त्यांचा दाब वाढतही नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत मात्र उच्च रक्तदाब व मीठसंवेदनशीलता दोन्ही अधिक आढळतात, म्हणून तो वंशाचा दोष ठरवण्याची घाई फार झाली. रिचर्ड कूपर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आफ्रिकी मूळ असलेल्या समूहांचीच आपसांत तुलना केली, तेव्हा उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. पूर्वज तेच असताना प्रमाण दुप्पट होत असेल, तर केवळ वंशाकडे बोट दाखवणे शास्त्राला धरून नाही.

एक कारण जन्माआधीच घडते. मूत्रपिंडातील गाळणीच्या सूक्ष्म एककांना नेफ्रॉन म्हणतात. ते गर्भावस्थेच्या सुमारे ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर नवे बनत नाहीत. आईच्या पोषणाअभावी कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ते कमी येतात. जर्मनीत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात उच्च रक्तदाब असलेल्यांच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे ७ लाख, तर इतरांत १४ लाख नेफ्रॉन आढळले. भारतात आजही साधारण सहा बालकांमागे एक अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मते, हे लक्षात घेता गरोदर स्त्रीचे पोषण हाही रक्तदाबाचाच प्रश्न ठरतो.

मिठाचा प्रभाव पोटॅशियममुळे सौम्य होतो. चीनमधील ६०० खेड्यांत साध्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये दिसून आले. दुबळी मूत्रपिंडे मात्र पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते रक्तात साठल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ‘कमी सोडियम’ असे लिहिलेले मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.