गिळलेला राग

अकरावीच्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचली जाते तेव्हा मी पोरांचे चेहरे पाहतो. नाव आले की कुणी मान खाली घालतो, कुणी उगाच हसतो. माझ्या काळी मी हसणाऱ्यांत होतो. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माय म्हणायची, “गिळ बाबा. शिकायचं हाय नव्हं?”

मानसशास्त्रात ह्या गिळण्याचा बराच अभ्यास झाला आहे. जेम्स ग्रॉस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ साली दोन वाटा प्रयोगाने ताडून पाहिल्या. उसळलेली भावना चेहऱ्यावर दिसू न देणे ही एक. प्रसंगाचा अर्थच वेगळा लावणे ही दुसरी. पहिल्या वाटेने चेहरा शांत राहतो, पण आतली कळ कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो. पुढे २००० साली जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी दाखवले की, भावना दडपत असताना जे कानांवर पडते तेही नीट लक्षात राहत नाही. आमच्या पोरांच्या ‘कुवती’वर स्टाफरूममध्ये चहा पिणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे!

वयाचाही भाग आहेच. भावना भडकवणारी मेंदूतली यंत्रणा वयात येतानाच जोर धरते. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. ह्या मधल्या वर्षांत पोराला बाहेरून आधार लागतो. दुसरी वाट वयाबरोबर सापडू लागते, पण कुणी बोलते केले तर.

इथे माझे पुस्तकाशी भांडण आहे. वेगळा अर्थ लावायचा म्हणजे ‘त्यांच्या मनात तसे नव्हते’ अशी स्वतःची समजूत घालायची? ती फसवणूक झाली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास सांगितला आहे. जवळ जेवण असून पाण्यावाचून पोरे उपाशी राहिली. ते वाचताना मला प्रथम कळले की, ह्यात लाज पोरांची नाहीच. प्रसंग तोच, अपमान अपमानच. लाजेचा मालक तेवढा बदलला. राग राहिला, पण तो आता मला खात नव्हता.

यंदा यादी हाती घेतल्यावर मी आधी म्हणालो, “ह्या यादीत माझंही नाव असायचं.” वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मग सर, तुम्ही काय करायचे?”

“हसायचो,” म्हणालो.

त्या दिवशी अर्थशास्त्राचा तास झाला नाही. एक मुलगी रडली, एकाने बाकावर मूठ आपटली. मी कुणालाच थांबवले नाही.