पृथ्वीसारखाच ग्रह का शोधायचा?

आकाशात आणखी कुणी असेल का? ग्रहताऱ्यांचा धडा आला की आम्हा शिक्षकांना हा प्रश्न दरवर्षी ऐकायला मिळतो. उत्तर कुणालाच माहीत नाही. पण शोध कशाच्या आधारावर चालतो, हे मुलांना सांगता येते.

१९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. सूर्याशी साम्य पाहूनच ते निवडले होते. हिशेब सरळ होता: सूर्यासारखा तारा, बेताच्या अंतरावर पृथ्वीसारखा ग्रह, त्यावर पाणी, मग जीव आणि पुढे बुद्धी. संदेश काही मिळाला नाही.

ताऱ्याभोवती ज्या पट्ट्यात पाणी द्रवरूप राहू शकते, त्याला वसतियोग्य पट्टा म्हणतात. 'राहू शकते' म्हणजे 'आहे' नव्हे, हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. नकाशावर मांजरा नदी आहे, धरण आहे. तरी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. साम्यही असेच फसवते. शुक्र आकाराने जवळपास पृथ्वीएवढा, पण त्याच्या पृष्ठभागावर साडेचारशे अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता.

आता दुसरी बाजू. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. पाणी खारट, सामू सुमारे १०. तरी त्यात सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण सांगितले. आपल्याला जे पाणी निकामी, ते त्यांचे घर! गुरूचा चंद्र युरोपा आणि शनीचा एन्सेलॅडस यांच्या बर्फाखाली समुद्र असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. हे दोन्ही वसतियोग्य पट्ट्याच्या बरेच बाहेर आहेत.

पण सूक्ष्मजीव रेडिओ संदेश पाठवत नाहीत. बर्फाखाली कुणी बुद्धिमान असलाच, तर त्याला तारे दिसणार नाहीत, पाण्यात आग पेटवता येणार नाही. म्हणून पृथ्वीसारख्या ग्रहापासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. दुर्बिणीचा वेळ मोजका असतो. चूक होते ती या सोयीलाच निसर्गाचा नियम समजण्यात. जीवसृष्टीचे आपल्याकडे उदाहरण एकच, आणि एक उत्तरपत्रिका तपासून बोर्डाचा निकाल लावता येत नाही.

सूरह फातिहामध्ये आपण 'आलमीन' म्हणतो. हा शब्द अनेकवचनी आहे. त्यावरून परग्रहावर वस्ती आहे असे ठरवणे घाईचे होईल. पण अल्लाहची निर्मिती आपल्या अंगणापुरतीच आहे, असे मानणेही तितकेच घाईचे. मुलांनी विचारले तर 'माहीत नाही' म्हणायला पालकांनी लाजू नये. जमेल तेव्हा त्यांना लोणार मात्र जरूर दाखवावे.