कार्ल योहानच्या रस्त्यावर

ऑस्लोचा राजवाडा एका टेकाडावर आहे. समोर घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा, आणि तिथून खाली रेल्वे स्टेशनापर्यंत त्याच राजाच्या नावाचा सरळ रस्ता. दरवर्षी १७ मेला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी, सकाळी दहाच्या सुमारास शंभराहून अधिक शाळांची पोरं हातात झेंडे घेऊन या रस्त्याने राजवाड्याकडे निघतात. गंमत अशी, की हा दिवस साजरा होऊ नये म्हणून ज्याने जंग जंग पछाडलं, तो राजा म्हणजे हाच कार्ल योहान.

नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला राहिला. जानेवारी १८१४ मधल्या कीलच्या तहात, शेकडो वर्षं आपल्याकडे असलेला नॉर्वे त्याला स्वीडनला देऊन टाकावा लागला. नॉर्वेच्या लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हा त्या वसंतात ११२ माणसं आइड्सव्होल गावच्या एका वाड्यात जमली. त्यात सरकारी अंमलदार होते, शेतकरी, व्यापारी, पाद्री आणि फौजेतलेही होते. जेमतेम सहा आठवड्यांत त्यांनी संविधान लिहून काढलं आणि १७ मेला स्वतःचा राजाही निवडला. ते राज्य काही महिनेच टिकलं. उन्हाळ्यात स्वीडनची फौज आली, थोडी लढाई झाली आणि नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली गेला, तो थेट १९०५ पर्यंत. संविधान मात्र दुरुस्त्या होऊन टिकलं. म्हणून १७ मेचं नातं आपल्या १५ ऑगस्टपेक्षा २६ जानेवारीशी जवळचं. त्या दिवशी लोक एकमेकांना ‘ग्रातुलेरेर मे दागेन’ म्हणतात. एरवी हे शब्द वाढदिवसाला म्हणायचे!

कार्ल योहान मूळचा नेपोलियनचा फ्रेंच सेनापती, नशिबाने स्वीडनच्या गादीवर आलेला. नॉर्वेकरांनी स्वीडनशी झालेल्या जोडणीपेक्षा १७ मेचं कौतुक करावं, हे त्याला खुपायचं. १८२० नंतरच्या दशकात त्याने मनाईच केली. १८२९ साली १७ मेलाच राजधानीच्या बंदरात एक आगबोट लागली, तिचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशनेन’, म्हणजे संविधान. तिला पाहायला जमलेली गर्दी जयजयकार करत बाजारचौकात गेली, आणि अधिकाऱ्यांनी गर्दीवर घोडदळ घातलं. त्या गर्दीत हेन्रिक वेर्गेलान हा तरुण कवीही होता. एका शिपायाच्या तलवारीचा फटका त्याच्या विद्यार्थी-गणवेशावर बसला, तेव्हा ‘हा आता घालण्याजोगा राहिला नाही’ म्हणून त्याने तो तिथल्या किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवून दिला, असं सांगतात. त्यानंतर बंदीचा धाक उरला नाही.

मुलांची मिरवणूक मात्र चाळीसेक वर्षांनी आली. १८७० साली ब्यॉर्नसन या लेखकाच्या पुढाकाराने शाळकरी मुलगे झेंडे घेऊन राजधानीतून निघाले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या ब्यॉर्नसननेच नॉर्वेचं राष्ट्रगीत लिहिलं आहे. मुलींना या मिरवणुकीत यायला १८८९ उजाडलं. स्वीडनपासून वेगळं झाल्यावर, १९०६ पासून राजघराणं सज्जात उभं राहून मुलांना हात हलवू लागलं. राजाला तासन्‌तास उभं राहावं लागतं, कारण पोरं काही संपत नाहीत. राष्ट्रीय दिन म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर संचलन, रणगाडे आणि विमानं येतात. इथे राजाच्या पहाऱ्यावरच्या पलटणीचा बँड असतो, पण मान पोरांचा.

या दिवसाचा खरा भार शाळेच्या बँडवर असतो. बर्फ वितळायच्या आधीपासून पोरं तुतारी आणि ट्रॉम्बोन फुंकत सराव करतात, शेजारपाजारचे निमूट ऐकतात. त्या दिवशी मग लोकरी गणवेशात, कधी उन्हात तर कधी पावसात, वाजवत चालायचं. बर्गेनमध्ये पाऊस जवळजवळ ठरलेलाच. शाळा उरकत आलेली मोठी मुलं तेव्हा लाल-निळ्या ढगळ विजारींत हिंडत असतात. त्यांच्या रात्रभरच्या धिंगाण्याचा शेवट याच दिवशी होतो. लहान मुलं त्यांच्या मागे लागून त्यांची विनोदी व्हिजिटिंग कार्डं गोळा करतात, आपल्याकडे पूर्वी काड्यापेट्यांचे छाप जमवायचे तशी.

मोठ्यांचा जीव असतो तो बुनाडमध्ये. हा प्रांताप्रांताचा ठेवणीतला पोशाख. लोकरीचं कापड, त्यावर भरतकाम आणि छातीवर लोंबत्या चकत्यांचं चांदीचं पदक. किंमत आपल्या रुपयांत काही लाखांपर्यंत जाते, म्हणून तो बहुधा एकदाच, पंधराव्या वर्षी, चर्चमधल्या दीक्षेच्या वेळी शिवतात. पुढे अंग भरेल या हिशेबाने आत माया ठेवलेली असते. तरी दर मे महिन्यात कुणी ना कुणी म्हणतंच, ‘कपाटात राहून आटला वाटतं!’ बुनाडवर गॉगल घातला किंवा भलते बूट चढवले तर टोकणाऱ्यांना लोकांनी नाव ठेवलंय, बुनाड पोलीस. आपल्याकडच्या नऊवारीच्या जाणकार मावश्या त्या खात्यात सहज भरती होतील.

सकाळी शेजारी जमून न्याहारी करायची, तीत शॅम्पेनही चालते. पुढचा दिवस पोरांचा. हवं तितकं आइस्क्रीम, पावात घातलेलं सॉसेज, शाळेच्या मैदानावर पोत्यातली शर्यत आणि चमच्यात बटाटा घेऊन पळणं. कॉफी आणि केकचं टेबल पालक आळीपाळीने सांभाळतात. जर्मन ताब्याच्या १९४० ते १९४५ या वर्षांत हे सगळं बंद होतं. ८ मे १९४५ ला देश सुटला आणि नऊच दिवसांनी १७ मे आला. २०२० साली कोरोनाने मिरवणुका अडवल्या, तेव्हा दुपारी एक वाजता देशभर लोकांनी खिडक्या-गच्च्यांतून राष्ट्रगीत म्हटलं.

ज्या संविधानाचं इतकं कौतुक, त्यातच एक कलम होतं: ज्यूंना या देशात प्रवेश नाही. ते काढून टाकायला वेर्गेलान अखेरपर्यंत झगडला. १८४५ साली तो गेला, कलम १८५१ मध्ये रद्द झालं. आज मिरवणुकीच्या सकाळी ऑस्लोतली ज्यू मंडळी त्याच्या कबरीवर फुलं वाहतात. मला विचाराल तर राजवाड्याच्या सज्जाआधी पाहावं ते हे.

झेंडा सकाळी आठला चढतो. उतरवायचा सूर्यास्ताला, पण फार तर रात्री नऊपर्यंत. मेमध्ये ऑस्लोतही नऊला उजेड असतो, आणि पार उत्तरेला नॉर्डकापकडे तर त्या सुमारास सूर्य मावळतच नाही. तिथे नऊ वाजले की चक्क उन्हात झेंडा उतरवून घडी घालतात आणि पोरांना झोपायला पिटाळतात.