राखणदाराची भाकरी

अवसरी बुद्रुकच्या मळ्यात बिबट्याची चाहूल आधी लागते ती कुत्र्याला. या राखणदाराच्या वाट्याला येते मात्र शिळी, कधी बुरशी धरलेली भाकरी! १९७४ साली राजस्थान-गुजरातमधील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, कुत्रीही मेली. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन विषाने यकृतावर घाव घातला होता.

स्टेम सेल, म्हणजे मूलपेशींतून, एक्सोसोम नावाच्या पिशव्या स्रवतात. मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या! पेशीचे निरोप त्या दुसऱ्या पेशींकडे नेतात. त्यांनी यकृताची सूज उतरेल काय, याचे प्रयोग चालू आहेत. आशा जरूर बाळगावी. पण कुत्र्यांसाठी हा अजून सिद्ध झालेला उपचार नव्हे. तोवर भाकरी टाकण्यापूर्वी ती उलटून पाहणे तरी आपल्या हाती आहे.